गाणं कारेलियाचं, नाव फिनलंडचं

१८३५ साली हेलसिंकीत एका पुस्तकाच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. पुस्तकाचं पूर्ण नाव मराठीत सांगायचं तर ‘कालेवाला, अथवा फिनिश लोकांच्या पुरातन काळातली कारेलियाची जुनी गाणी’ असं होतं. १८४९ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत १२,०७८ ओळी होत्या, दुसरीत २२,७९५ झाल्या. पुस्तक जवळजवळ दुप्पट झालं, शीर्षक मात्र आक्रसून नुसतं ‘कालेवाला’ उरलं. ओळी वाढल्या आणि कारेलिया, म्हणजे फिनलंड-रशिया सीमेवरचा तो प्रदेश, गळला. फिनलंडच्या लोकसंगीताचा आणि राष्ट्रीय अस्मितेचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचताना या गळतीकडे लक्ष ठेवावं लागतं. जागतिकीकरणात छोट्या देशांची गाणी टिकतात की बाटतात, या आजच्या वादाची खरी गोम तिथेच आहे.

हा वाद बहुतेक वेळा एका ठरावीक चालीने मांडला जातो. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा देश, युरोपातल्या बहुसंख्य भाषांशी नातं नसलेली भाषा, स्वतःचं महाकाव्य, स्वतःचं वाद्य, स्वतःच्या चाली. आणि आता या सगळ्यावर जागतिक बाजाराचं, इंटरनेटचं, इंग्रजी पॉपचं आक्रमण. आधी काहीतरी निर्भेळ होतं आणि आता त्यात भेसळ होते आहे, असं यात धरून चाललेलं असतं. मला हे गृहीतकच मान्य नाही. फिनलंडचं म्हणून जे संगीत उभं राहिलं ते पहिल्यापासूनच सीमा ओलांडून आलं होतं. गाणारे पलीकडच्या राज्यातले, गाणी गोळा करावीत ही प्रेरणा जर्मनीतली, ती गोळा करणाऱ्या अनेकांच्या घरात स्वीडिश बोललं जायचं, आणि नाचाच्या चाली पोलंड-बोहेमियाच्या. तरीही ते फिनलंडचं झालं आणि खऱ्या अर्थाने झालं. म्हणून शुद्धतेचा हिशेब मांडण्यापेक्षा ऋणाचा मांडावा: कोणाकडून घेतलं, कोणाचं नाव राखलं, कोणाचं पुसलं.

१८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा पूर्वेकडचा भाग होता. त्या वर्षी तो रशियाच्या झारकडे गेला आणि स्वायत्त ‘ग्रँड डची’ बनला. राज्यकर्ते बदलले तरी कचेरी, न्यायालय, विद्यापीठ आणि सुशिक्षितांची बैठक यांची भाषा स्वीडिशच राहिली. फिनिश ही शेतकऱ्याची, कुळाची आणि चर्चमधल्या प्रवचनाची भाषा. सुशिक्षित तरुणांपुढे पेच होता. स्वीडनशी संबंध तुटला, रशियात विरून जायचं नाही, मग आपण कोण? एखाद्या समाजाचा प्राण त्याच्या गाण्यांत असतो, ही जर्मन विचारवंत योहान हेर्डर यांची शिकवण तोवर युरोपभर पोहोचली होती. तुर्कूच्या विद्यापीठात हेन्रिक गाब्रिएल पोर्थान यांनी अठराव्या शतकातच फिनिश कवितेवर प्रबंध लिहिले होते, तेही लॅटिनमध्ये. १८३१ मध्ये फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. म्हणजे आपल्या मातीतलं गाणं शोधायला निघालेल्या या मंडळींना त्या शोधाची दृष्टी बाहेरून मिळाली होती. यात कमीपणा काही नाही. पण देशी विरुद्ध परकं अशी सरळ विभागणी इथे पहिल्याच पायरीवर अडखळते, हे मात्र नोंदवायला हवं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे थोरले साकारियास तोपेलियुस. पश्चिम किनाऱ्यावरच्या नीकारलेबी या स्वीडिशभाषक गावात ते डॉक्टर होते. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. गावोगाव हिंडून गाणी टिपणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी उलटा मार्ग धरला. रशियाच्या हद्दीतल्या कारेलियातून फेरीवाले पाठीवर मालाचं गाठोडं घेऊन फिनलंडभर पायी फिरायचे. तोपेलियुस त्यांना घरी बोलावून घेत आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांची गाणी लिहून घेत. १८२२ ते १८३१ या काळात त्यांनी फिनिश लोकांच्या जुन्या गाण्यांचे पाच भाग छापले. ही गाणी त्या खाटेपर्यंत आली ती व्यापाराच्या वाटेने, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, विकणाऱ्याच्या पाठीवरच्या मालाबरोबर. जागतिकीकरण हा शब्द तेव्हा नव्हता, पण गाण्यांचा प्रवास आणि मालाचा प्रवास तेव्हाही एकच होता. आणि गाणी पूर्वेकडे भरपूर आहेत, तिकडे जायला हवं, हे या फेरीवाल्यांमुळेच कळलं.

पुढे ‘कालेवाला’ हे महाकाव्य बांधणारे एलियास ल्योनरोट हे त्या वाटेने निघाले. सम्माती गावच्या शिंप्याचा हा मुलगा डॉक्टर झाला आणि पूर्व सीमेजवळच्या कायानी इथे सरकारी वैद्य म्हणून राहिला. एप्रिल १८३४ मध्ये ते लातवायार्वी गावी पोहोचले. हे गाव रशियाच्या हद्दीत, श्वेत समुद्राच्या बाजूच्या कारेलियात. फिनिशमध्ये या प्रदेशाला विएना म्हणतात. ऑस्ट्रियाच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही. इथले लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, फिनलंडचे लुथरन. पश्चिमेकडे लुथरन धर्मोपदेशकांनी जुन्या गाण्यांना पाखंड ठरवून मागे रेटलं होतं. इथे आडवाटेच्या गावांत ती टिकून होती. तिथे आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा साठी उलटलेला शेतकरी भेटला. तीन दिवस तो सांगत राहिला आणि ल्योनरोट लिहीत राहिले. चार हजारांहून अधिक ओळी झाल्या. लहानपणी वडिलांबरोबर मासेमारीला गेल्यावर शेकोटीपाशी वडील आणि त्यांचा साथीदार हातात हात धरून रात्रभर कसे गायचे, हे त्याने सांगितलं. वडिलांच्या वेळी कोणी आला असता तर दोन आठवड्यांतही सगळं लिहून झालं नसतं. आता तसे गाणारे उरले नाहीत, तरुणांना वेगळीच गाणी आवडतात, आणि माझ्यामागे माझी मुलंही माझ्यासारखी गाणार नाहीत, अशी खंतही त्याने बोलून दाखवली.

ही खंत १८३४ सालची आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. रेडिओ नव्हता, ग्रामोफोन नव्हता, रेल्वे त्या भागात यायला कित्येक दशकं होती. तरीही परंपरा संपत आली असं तिचा सर्वोत्तम वारसदार म्हणत होता. आणि झालं काय? त्याचा मुलगा मीहकाली अंध होता. १८७१ साली संशोधक आक्सेल बोरेनियुस लातवायार्वीला गेले तेव्हा हाच मीहकाली त्यांना गाणी सांगत होता, आणि पुढे तोही बापाइतकाच नावाजला गेला. १८९४ मध्ये छायाचित्रकार इन्हा यांनी त्याचं छायाचित्र काढलं. लोकसंगीत मरणपंथाला लागल्याची हाकाटी जेव्हा जेव्हा ऐकू येते, तेव्हा या बापलेकांची आठवण ठेवावी. बापाचा निराशेचा अंदाज मुलाने खोटा ठरवला. मात्र बापाची गाणी मुलाने जशीच्या तशी ठेवली नाहीत. ती त्याच्या तोंडी त्याची झाली.

तसं होणं त्या गायकीच्या घडणीतच होतं. आठ अक्षरांची ओळ, अनुप्रासाची साखळी, यमकाऐवजी त्याच अर्थाची दुसरी ओळ. चाल बहुधा पाच सुरांतली, ठेका पुष्कळदा पाच मात्रांचा. मुख्य गायक ओळ म्हणतो, शेवटच्या अक्षरांवर साथीदार सूर मिळवतो आणि तीच ओळ परत म्हणतो. तेवढ्या वेळात मुख्य गायकाला पुढची ओळ सुचते. सुचते म्हणजे आठवते आणि घडतेही. याच पाच सुरांना जुळणारं पाच तारांचं वाद्य म्हणजे कान्तेले. लाकडाच्या एका ठोकळ्यातून कोरलेलं, मांडीवर ठेवून बोटांनी छेडायचं. त्याच्या तारा घोडीवरून जात नाहीत. एका आडव्या सळईला थेट गाठ मारून बांधलेल्या असतात. त्यामुळे सूर लगेच विझत नाही, किंचित थरथरत राहतो, आणि एका तारेचा नाद विरण्याआधी दुसरीचा त्यात मिसळतो. हे आज फिनलंडचं राष्ट्रीय वाद्य आहे. पण त्याची सख्खी भावंडं शेजारीपाजारी सगळीकडे सापडतात: एस्टोनियात कान्नेल, लॅटव्हियात कोक्ले, लिथुएनियात कान्क्लेस, रशियाच्या वायव्येला गुस्ली. बाल्टिक समुद्राभोवतीच्या निरनिराळ्या भाषांच्या लोकांचं हे सामायिक वाद्य. त्याला राष्ट्रीय ठरवताना फिनलंडने ते कुठून चोरलं नाही. एका मोठ्या कुटुंबातल्या आपल्या वाट्याला त्याने आपलं नाव दिलं.

ल्योनरोट यांनी या वाहत्या गाण्याचं पुस्तक केलं तेव्हा त्याचे दोन परिणाम झाले. चाली पानाबाहेर राहिल्या, आणि निरनिराळ्या गायकांच्या ओळी एका कथेत ओवल्या गेल्या. वैनो काउकोनेन या संशोधकाने पुढे ओळ अन् ओळ तपासून दाखवलं, की सुमारे एक तृतीयांश ओळी गायकांनी सांगितल्या तशाच आहेत, निम्म्या किरकोळ फेरफार केलेल्या, आणि निखळ ल्योनरोट यांच्याच म्हणाव्यात अशा तीन टक्क्यांच्या आसपास. ओळी लोकांच्या, बांधणी ल्योनरोटची. मग हे लोकांचं महाकाव्य की एका विद्वानाचं? या प्रश्नाचा माग काढत तुर्कूचे अभ्यासक लाउरी होन्को चक्क कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, तुळुनाडूत आले. तिथल्या गोपाल नायक या गायकाकडून त्यांनी आणि त्यांच्या कन्नड-तुळू सहकाऱ्यांनी १९९० च्या डिसेंबरात सिरी देवीचं महाकाव्य ध्वनिमुद्रित केलं. ते १५,६८३ ओळींचं भरलं आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. गायकाच्या मनात कथेचा एक साठा असतो, प्रत्येक वेळी तो त्यातून नवा पाठ उभा करतो, असं होन्को यांनी मांडलं, आणि ल्योनरोट यांचं काम त्याच प्रकाशात पाहिलं. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथाची घडण समजून घ्यायला एका तुळू शेतकऱ्याचं गाणं उपयोगी पडावं, याचा मला विशेष आनंद वाटतो.

पुस्तक लवकरच देशाबाहेर गेलं. सेंट पीटर्सबर्गच्या अंतोन शीफनर यांनी १८५२ मध्ये त्याचं जर्मन भाषांतर केलं. ते अमेरिकेत लाँगफेलो यांनी वाचलं आणि १८५५ च्या ‘हायवाथा’ या काव्यात तोच छंद वापरला. एस्टोनियात क्रॉइत्सवाल्ड यांनी ‘कालेविपोएग’ हे महाकाव्य रचलं. इंग्लंडमध्ये तरुण टॉल्किन यांनी १९१४ च्या सुमारास कालेवालातल्या कुल्लेर्वोची कथा आपल्या पद्धतीने लिहायला घेतली आणि पुढे आपल्या काल्पनिक भाषांपैकी एकीला फिनिशचा नाद दिला. विष्णु खरे यांनी हे महाकाव्य हिंदीत आणलं. या सगळ्या प्रवासात आर्हिप्पाचं नाव कुठे ऐकू येतं? जवळजवळ कुठेच नाही.

पण नाव माहीत असूनही काय होतं, हे लारिन पारास्के हिच्या आयुष्यात दिसतं. ही इंग्रियाची, म्हणजे सेंट पीटर्सबर्गभोवतीच्या प्रदेशातली ऑर्थोडॉक्स स्त्री. नदीवर होड्या ओढण्याची मजुरी केली, पीटर्सबर्गच्या अनाथालयातली मुलं पैसे घेऊन सांभाळली, स्वतःची बहुतेक मुलं लहानपणीच गमावली. तिला हजाराहून अधिक गाणी येत होती. आडोल्फ नेओवियुस या पाद्र्याने १८८७ पासून ती लिहून घ्यायला सुरुवात केली आणि त्यांची पोर्व्हो इथे बदली झाल्यावर तीही तिकडे गेली. एडेलफेल्ट आणि येर्नेफेल्ट या नामवंत चित्रकारांनी तिची चित्रं काढली. १८९१ मध्ये संगीतकार सिबेलियुस यांनी तिथेच तिचं गाणं ऐकलं, आणि पुढच्याच वर्षी ‘कुल्लेर्वो’ या त्यांच्या पहिल्या मोठ्या रचनेने फिनिश संगीताचं नवं पर्व सुरू झालं. लोकगीतांच्या चाली आपण उचलत नाही, असं सिबेलियुस पुढे आग्रहाने सांगत, आणि ‘फिनलंडिया’ या त्यांच्या रचनेची चाल त्यांचीच आहे हे खरंही आहे. तरी फिनिश संगीताचा बाज कशाला म्हणावं हे कानावर बसलं त्यात त्या बाईच्या आवाजाचा वाटा होता. पारास्के पुन्हा आपल्या गावी गेली आणि १९०४ मध्ये दारिद्र्यातच वारली. राष्ट्राने तिचं चित्र ठेवलं, पुतळाही उभारला. तिच्या म्हातारपणाची पुरेशी सोय मात्र झाली नाही.

दुसरा प्रवाह पश्चिमेकडचा, पेलिमान्नींचा, म्हणजे गावच्या व्हायोलिनवादकांचा. इथे तर परकेपणाची लाज कोणीच कधी बाळगली नाही. पोल्स्का पोलंडहून स्वीडनमार्गे आली, पोल्का बोहेमियातून, वॉल्ट्झ मध्य युरोपातून. लग्नात, नाचात हे वादक वाजवत. एकोणिसाव्या शतकातल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीने व्हायोलिनला सैतानाचं वाद्य ठरवलं आणि कित्येक गावांत ते बंद पडलं. काउस्तिनेन या मध्य ऑस्त्रोबोथ्नियातल्या छोट्या गावात ते चालू राहिलं, मुख्यतः लग्नसमारंभांच्या जोरावर. १९६८ मध्ये तिथे पहिला लोकसंगीत महोत्सव भरला. तो काळ फिनलंडची खेडी ओस पडण्याचा, माणसं शहरांत आणि कामधंद्यासाठी स्वीडनला जाण्याचा होता. शेतघरातल्या दुपारसाठी असलेलं वादन हजारोंपुढे आलं, कोन्स्ता युल्हा हा तिथला वादक देशभर नावारूपाला आला, आणि १९७४ मध्ये गावात लोकसंगीत संस्था उभी राहिली.

काउस्तिनेनची खरी शक्ती महोत्सवाच्या व्यासपीठावर नाही, शिकवण्याच्या रीतीत आहे. माउनो येर्वेला यांनी रुजवलेल्या ‘न्यप्पारित’ पद्धतीत मुलं पहिल्या दिवसापासून समूहात वाजवतात. चाल कानाने घ्यायची. ज्याला अजून बोटं टाकता येत नाहीत त्याने मोकळ्या तारांवर ठेका धरायचा, ज्याला थोडं येतं त्याने सोपा आधार द्यायचा, आणि पुढे गेलेल्यांनी मुख्य चाल वाजवायची. सात वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांचा आजोबा एकाच पोल्स्कात बसतात, आणि दोघांचंही वाजवणं तिथे खरोखर लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने काउस्तिनेनच्या व्हायोलिनवादनाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एका परक्या वाद्यावर वाजवलेल्या परक्या नाचांच्या चाली, आणि तरी फिनलंडचा वारसा! पुष्कळांनी रोज वाजवणं, शिकवणं आणि पुढे देणं हा वारशाचा दाखला असतो. मूळ कुठलं हा नंतरचा प्रश्न.

१९८३ साली हेलसिंकीच्या सिबेलियुस अकादमीत लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख हेइक्की लाइतिनेन आधी काउस्तिनेनच्या संस्थेत होते. विद्यार्थ्यांनी जुन्या ध्वनिफिती आणि हस्तलिखितं ऐकावीत, वाचावीत, पण त्यांची नक्कल करून थांबू नये, त्यांतून स्वतःचं काही काढावं, असा या शिक्षणाचा रोख होता. अंध मीहकालीने नकळत केलं तेच इथे जाणीवपूर्वक करायचं. त्याच वर्षी उत्तर कारेलियातल्या रॅक्क्युला गावी सारी आणि मारी कासिनेन या बहिणींनी ‘व्यार्त्तिना’ हा गट काढला. त्यांची उघड्या गळ्याची, धारदार समूहगायकी फिनलंडच्या सीमेबाहेरच्या भाषाभगिनींकडून, कारेलियन आणि इंग्रियन बायकांकडून शिकत गेली. २००६ मध्ये टोरंटोत टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची संगीतिका उभी राहिली, तिचं संगीत ए. आर. रहमान, व्यार्त्तिना आणि क्रिस्टोफर नाइटिंगेल यांनी मिळून केलं. टॉल्किन यांनी कालेवालाकडून जे घेतलं होतं, ते कॅनडात चेन्नईच्या संगीतकाराबरोबर कालेवालाच्या प्रदेशातल्या गटाने संगीतात बांधलं.

दुसरं टोक ‘इएवान पोल्का’चं. जुन्या पोल्काच्या चालीवर एइनो केत्तुनेन यांनी सावो बोलीत शब्द लिहिले: आई प्रार्थनेच्या नादात आणि इएवा नावाची पोरगी नाचात. अकादमीत घडलेल्या ‘लोइतुमा’ या गटाने १९९५ मध्ये ते वाद्यांविना गायलं. २००६ मध्ये कुणीतरी त्याला कांद्याची पात फिरवणाऱ्या जपानी कार्टून मुलीची जोड दिली, आणि पुढच्या वर्षी जपानच्या हात्सुने मिकू या संगणकीय गायिकेच्या आवाजात ते जगभर गेलं. ऐकणाऱ्या लाखोंना ना सावो माहीत होतं, ना इएवाची आई.

इथे एक आक्षेप रास्त आहे. पूर्वीचा फेरीवाला गाण्याबरोबर स्वतःही यायचा. त्याचं गाव, त्याचं नाव विचारता यायचं. आज गाणं एकटंच येतं, पंधरा सेकंदांचं होऊन, आणि त्याचा अर्थ वाटेतच सांडतो. ही सपाट करणारी गती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यावरचा इलाज गाणं सीमेत कोंडणं हा नव्हे. लोइतुमाचं गाणं जगभर थट्टेचं झालं म्हणून काउस्तिनेनच्या मुलांचं वादन थांबलं नाही, कारण त्या मुलांचं शिक्षण बाजारावर अवलंबून नव्हतं. शिकवण्याची सोय, खुला दस्तऐवज आणि वाजवायला जागा, या तीन गोष्टी असतील तर बाहेरची वावटळ सोसता येते. त्या नसतील तर सीमेवर कितीही कडक पहारा ठेवा, आतल्या आत गाणं आटतं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. सगळंच उसनं आणि जोडलेलं असेल तर ही अस्मिता बनावट नाही का? घडवलेली आहे, हे कबूल. पण घडवलेली म्हणजे खोटी असं होत नाही. या गाण्यांच्या बळावर तुच्छ मानलेली भाषा छापील साहित्याची झाली. १८६३ च्या फर्मानाने तिला वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीला आणायचं ठरलं, तिच्यात शाळा निघाल्या, आणि शेतकऱ्याच्या पोराला स्वतःच्या भाषेत शिकता आलं. ६ डिसेंबर १९१७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्यापाशी आपली म्हणावी अशी कथा होती. एवढं घडवून आणणाऱ्या गोष्टीला बनावट म्हणणं अन्यायाचं आहे.

तिसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही, आणि टाकूही नये. गाणी कारेलियात सापडली, म्हणून कारेलिया आमचंच, असा निष्कर्ष काही फिनिश राष्ट्रवाद्यांनी काढला. १९४१ ते १९४४ या काळात जर्मनीच्या बाजूने लढताना फिनलंडच्या सैन्याने पूर्व कारेलिया व्यापला. तिथल्या लोकांची आपल्या वंशाचे आणि परके अशी विभागणी झाली. रशियन लोकांना छावण्यांत डांबलं गेलं आणि त्यांतले हजारो मेले. लोकगीतांचा अभ्यास करणारेही त्या सैन्याच्या मागोमाग गेले. ज्या गावांनी गाणी दिली, त्यांच्यावर गाण्यांच्याच आधारे हक्क सांगितला गेला. घेतलेल्याचं ऋण मानण्याऐवजी मालकी सांगितली की काय होतं, हे दाखवायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

देशाच्या आतही असंच झालं. उत्तरेच्या सामी लोकांचं ‘योइक’ हे पारंपरिक गायन धर्मोपदेशकांनी पाप ठरवलं होतं, आणि फिनिश राष्ट्रीय संगीताच्या कथेत त्याला जागाच नव्हती. एनोन्तेकिओचे निल्स-आस्लाक वाल्केआपा यांनी १९६८ मध्ये, म्हणजे काउस्तिनेनच्या पहिल्या महोत्सवाच्याच वर्षी, आपली योइकची ध्वनिमुद्रिका काढली, आणि १९९४ मध्ये लिलेहामरच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला त्यांचं योइक जगाने ऐकलं. सामींना हा आवाज आंतरराष्ट्रीय व्यासपीठाने आणि सीमेपलीकडच्या सामींच्या चळवळीने दिला. जागतिकीकरण नेहमी छोट्यांनाच गिळतं असं मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. कधी कधी छोट्यांना खरा धाक घरच्या मोठ्या भावाचा असतो. कारेलियन भाषेचीही तीच गत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारेलियातून चार लाखांहून अधिक माणसं फिनलंडमध्ये आली. त्यांतल्या कारेलियनभाषकांची भाषा फिनिशची बोली समजून बाजूला सारली गेली. अल्पसंख्याकांची स्वतंत्र भाषा म्हणून तिला सरकारी नोंद मिळाली ती २००९ मध्ये. राष्ट्रीय महाकाव्य छापून तोवर पावणेदोनशे वर्षं होत आली होती.

फिनलंडने ऋण पुरतं फेडलंय असं म्हणता येणार नाही. पण हिशेबाची वही त्याने नीट ठेवली, आणि हे मी फार मोठं काम मानतो. १९०८ ते १९४८ या चाळीस वर्षांत फिनिश साहित्य संस्थेने जुन्या गाण्यांचे तेहतीस खंड छापले. चौतिसावा १९९७ मध्ये आला. ल्योनरोट यांनी एका कथेत ओवून टाकलेल्या गाण्यांचे मूळ पाठ तिथे सुटे, जसे टिपले तसे आहेत. गाव कोणतं, टिपणारा कोण, आणि माहीत असेल तिथे गाणारा कोण, अशी नोंद प्रत्येकापाशी आहे. हा सगळा संग्रह आता इंटरनेटवर खुला आहे. तेव्हा व्यार्त्तिना ऐका, सिबेलियुस ऐका, कालेवाला हिंदीत वाचा. आणि मग त्या संग्रहात आर्हिप्पा पेर्त्तुनेनचं नाव एकदा शोधा. १८३४ च्या एप्रिलमध्ये सांगितलेली गाणी तिथे त्याच्याच नावावर आणि लातवायार्वी गावाच्या नावावर आहेत, आणि ती वाचायला पैसे पडत नाहीत.